आत शिरून दाखवायचा हंगाम

दसरा सरला की वारंगा फाट्यापासून पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस लागतो. ठासून भरलेले ट्रक वळणावर बाजूला झुकतात, बाभळीचे काटे चालत्या गाडीतून आपला वाटा काढून घेतात आणि आठवडाभरात झाडं पांढरी दिसू लागतात. नवख्या माणसाला वाटावं, हे झाडच कापसाचं. आता सोयाबीननं बरीच रानं घेतली, कापूस कमी झाला, पण बाभळींनी आपला रिवाज सोडलेला नाही. परवा नांदेडहून एस.टी.नं येताना खिडकीतून त्या दिसल्या आणि छातीत धडधडलं. या वयात धडधडलं की डॉक्टर कारण शोधतात. या धडधडीचं कारण मला माहीत आहे. तरुणपणी अशाच एका हंगामात मला एका कारखान्यात चोरून शिरायचं काम दिलं होतं. काम कंपनीनं दिलं होतं, आणि कारखानाही कंपनीचाच होता.

एकोणीसशे सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती. कापसाच्या दिवसांत हिंगोलीला एक वेगळाच वास यायचा. सरकीचा तेलकट, बैलांच्या शेणाचा, इंजिनाच्या गरम तेलाचा, आणि या सगळ्यावर कोरड्या थंडीचा. जिनिंगसमोर गाड्यांची रांग स्टेशनाच्या दिशेनं इतकी लांबायची की शेवटच्या गाडीवानाचा नंबर दुसऱ्या दिवशी लागायचा. जिनिंगला सगळे नुसतं 'जिन' म्हणत. तिथं यंत्रांवर कापसातून सरकी वेगळी होते, मागं उरते ती रुई, आणि रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. संध्याकाळी जिनातल्या बाया बाहेर पडायच्या तेव्हा त्यांच्या भुवया, पापण्या, कपाळावरचे केस पांढरे झालेले असायचे. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीही म्हाताऱ्या होऊन घरी जायच्या आणि सकाळी पुन्हा तरुण होऊन यायच्या.

मी जवळा बाजारचा. आमच्या बौद्धवाड्यातला पहिला बी.ए. नांदेडला जिन चालवणाऱ्या कंपनीच्या मोठ्या ऑफिसात टाइप करायला लागलो होतो आणि इस्त्रीची पँट घालत होतो. आदल्या हंगामात कंपनीच्या दुसऱ्या एका जिनात आग लागली होती. ती जागा मी पाहिली होती. कापसाची आग भोळीभाबडी नसते. वरून पाणी मारलं की ती गाठीच्या पोटात जाऊन बसते. गाठ बाहेरून हाताला गार लागते, माणसं म्हणतात विझली, आणि आठव्या दिवशी कुणी ती फोडली की वारा लागून भडकते. त्या आगीत दोन बाया आत राहिल्या. कारण शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी बिडी म्हणे, कुणी काडी म्हणे. तेव्हापासून कंपनीच्या सगळ्या जिनांत हुकूम झाला, फाटकाच्या आत काडीपेटी जाता कामा नये.

हुकूम कागदावर होता. तो फाटकावर किती आहे, हे नांदेडच्या मोठ्या साहेबांना पाहायचं होतं.

साहेबांनी मला बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. "उत्तम, हिंगोलीच्या जिनात तुला कुणी ओळखतं?"

"नाही साहेब. कधी गेलोच नाही तिथं."

"मग या हंगामाचा चोर तू."

त्यांनी टेबलावर तीन काडीपेट्या ठेवल्या. तिन्ही रिकाम्या. आत काड्यांच्या जागी एकेक चिठ्ठी, कंपनीच्या शिक्क्याची. एक पेटी रुईच्या गोदामात ठेवायची, एक गाठी दाबायच्या प्रेसपाशी आणि एक खुद्द ऑफिसातल्या कपाटात. आठ दिवसांची मुदत. तिथल्या मॅनेजरलासुद्धा कळवायचं नाही. शेवटी त्यांनी सहीचं एक पत्र दिलं, 'हा इसम आमचा आहे, आमच्या हुकमानं आत आला आहे.' म्हणाले, "बनियनच्या आत ठेव. पकडला गेलास तर आधी मार बसेल, मग पत्र वाचतील. तेवढी तयारी ठेव."

"आत कसं जायचं, साहेब?"

"ते तुझं तू बघ."

मारापेक्षा या चार शब्दांनी माझं पुढं जास्त नुकसान केलं. काय करायचं ते साहेबांनी सांगितलं होतं. काय करायचं नाही ते कुणीच लिहिलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

हिंगोलीत मी स्टेशनाजवळच्या एका खोलीत उतरलो. पहिले दोन दिवस नुसता फिरलो. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस माझ्याकडंच बघतोय असं वाटायचं. चहा घेताना कप बशीवर वाजायचा. आपण चोर नाही हे आपल्याला ठाऊक असतं, पण अंगाला ते समजावून सांगता येत नाही. अंग घाबरायचं ते घाबरतंच.

जिनाला दोन फाटकं होती. मोठं गाड्यांचं आणि लहान बायांचं. मोठ्या फाटकावर मिशाळ, आडदांड पहारेकरी होता. तो गाडीवानांचे फेटे सोडवून बघायचा, बैलांच्या झुलीखाली हात घालायचा. जप्त केलेल्या काडीपेट्या तो शेजारच्या पाण्याच्या हौदात फेकायचा, तिथं काड्यांचा लाल-काळा लगदा तरंगत असायचा. तिसऱ्या दिवशी मी धोतर नेसून, मुद्दाम दुकानातली साधी काडीपेटी कमरेला खोचून एका गाडीबरोबर आत शिरायला बघितलं. त्यानं दोन बोटांत ती पेटी काढली, हौदात टाकली आणि म्हणाला, "चल, माघारी हो. जान प्यारी न्हाई का तुला?" मला राग यायला हवा होता, पण त्याचं काम बघून बरं वाटलं. चौथ्या दिवशी पँट घालून, बगलेत फाइल मारून वरचा अधिकारी असल्यासारखा गेलो. फाटकाजवळच्या कारकुनानं उठून नमस्कार केला आणि नम्रपणे पत्र मागितलं. पत्र दाखवलं असतं तर खेळच संपला असता. 'विसरलो, घेऊन येतो' म्हणून वळलो. पाठीवर चार-पाच जणांची नजर घेऊन रस्ता ओलांडणं काय असतं ते त्या दिवशी कळलं.

राहिलं लहान फाटक. तिथं गयाबाई होती.

चाळिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. फाटकाशेजारच्या दगडावर बसायची. सकाळी आत जाणाऱ्या प्रत्येक बाईची ओटी, कनवट, भाकरीचं फडकं ती स्वतः तपासायची. तंबाखूच्या पुड्या काढून घ्यायची आणि संध्याकाळी जिची पुडी तिला परत द्यायची. शंभरावर पुड्या, सगळ्या सारख्या कागदात बांधलेल्या, पण एकही कधी चुकली नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, "रागावू नको बाई. आत आपल्याच मायबहिनी हायत." समोरच्या चहाच्या टपरीवरून मी एक दिवस तिला बघितलं आणि मला तिची एक गोष्ट सापडली. बाहेरून कुणी आतल्या बाईसाठी निरोप घेऊन आलं, की गयाबाई स्वतः उठून आत जायची आणि त्या बाईला हाक मारून आणायची. तेवढा वेळ फाटक नुसतं लोटलेलं असायचं.

मी वहीत लिहिलं, 'बायांचं फाटक. निरोप.' खाली रेघ मारली. मला आनंद झाला होता. अवघड गणित सुटल्यावर होतो तसला.

पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर मशिनी पुन्हा सुरू झाल्या. मी स्टेशनापर्यंत जाऊन तिथून पळत आलो. घाम खरा असावा म्हणून. धूळही खरी असावी म्हणून चप्पल काढून ठेवली होती.

"जयभीम, मावशी!"

हेही मी ठरवूनच म्हणालो. ती आपल्यातली आहे हे मी टपरीवर विचारून ठेवलं होतं.

"जयभीम. काहून पळून राहिलास रे बाबा? काय झालं?"

"माझी बहीण आत हाय, पारू. तिचं लेकरू तापानं फणफणलंय. डोळे फिरवून राहिलंय. तिला लवकर धाडा, मावशी."

"कोन्या गावची पारू?"

गाव मी ठरवलंच नव्हतं. हात वर केला, कयाधू नदी ज्या बाजूला होती तिकडं. "नदीपल्याडची."

"अगं माय!" ती उठलीच. "बस इथं. दम घे आधी. मी आनते तिला." आणि ती आत गेली. चाळिशीची ती बाई लेकराच्या नावानं पळतच गेली.

मी फाटक ढकललं.

आत हवा पांढरी होती. यंत्रांचा आवाज कानावर नव्हे, बरगड्यांवर पडत होता. काम असल्यासारखं चालणाऱ्या माणसाकडं कुणी बघत नाही, एवढं चार दिवसांत शिकलो होतो. गोदामात रुईचा ढीग छपराला टेकला होता. मी पहिली पेटी धरून हात कोपरापर्यंत त्यात घातला. रुई आत उबदार होती. निजलेल्या जनावराच्या पोटाखाली हात जावा तसं वाटलं, आणि ती पेटी रिकामी आहे हे माहीत असूनही मी ती फार हळू सोडली. तिथून प्रेसकडं गेलो. दुसरी पेटी लाकडी खांबाच्या खाचेत सरकवली. तेवढ्यात यंत्रांच्या वरताण गयाबाईचा आवाज आला.

"पारू! नदीपल्याडची पारू कोन हाय गं? तुझा भाऊ आलाय! लेकराचं बरं न्हाई!"

पारू हे नाव मी हवेतून उचललं होतं. आपल्या भागात दर चार घरांमागं एक पारू असते, हे चोर व्हायला निघालेल्या बी.ए.च्या ध्यानात आलं नव्हतं. बायांच्या रांगेतून एक तरुण बाई उठली. हिरवं लुगडं, पांढऱ्या पापण्या. तिनं काही विचारलं नाही. हातातलं टोपलं तिथंच पडलं, आणि ती जवळ होतं त्या मोठ्या फाटकानं बाहेर पळाली. पहारेकऱ्यानं बाहेर जाणारीला अडवलं नाही.

मी तिच्या मागं लगेच धावलो, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. तिसरी पेटी खिशात होती आणि ऑफिस दहा पावलांवर. गलका ऐकून कारकून दाराबाहेर आला होता, त्याची पाठ माझ्याकडं होती. मी आत गेलो, कपाट उघडलं, कागदांमागं पेटी ठेवली, कपाट लावलं. काम पुरं झालं. मग मी गाड्यांच्या गर्दीतून बाहेर धावलो.

टपरीवाल्याची सायकल मागून घेतली. गावाबाहेर पडेपर्यंत ती दिसली नाही. दिसली ती थेट नदीत. हिवाळ्यातली कयाधू, पाणी गुडघ्याएवढं, पण वरच्या अंगाला पायवाटेचा उतार होता आणि पारू तो सोडून सरळ दगडांतून चालली होती. मी सायकल खांद्यावर घेतली आणि हाका मारत पाण्यात शिरलो.

"पारूबाई! थांबा! लेकरू बरं आहे! खोटं होतं ते!"

ती पलीकडच्या काठावर थांबली. धापा टाकत म्हणाली, "तू कोन?"

"मीच निरोप आणला होता. मी कंपनीचा माणूस आहे. आत शिरायला म्हणून तसं सांगितलं. तुमच्या लेकराला काही झालेलं नाही."

"तू पाहिलंस त्याला?"

"नाही."

"मंग बरं हाय म्हनून कसं सांगून राहिलास?"

"अहो, मी मघाशी खोटं बोललो होतो."

"आन् आता खरं बोलून राहिलास, हे कशावरून?"

मी बनियनमधून पत्र काढलं, घामानं ओलं झालेलं. साहेबांची सही, शिक्का, सगळं तिच्यापुढं धरलं. तिनं कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ह्यात माझ्या लेकराचं लिवलंय का?"

"नाही."

"मंग ठिव."

ती चालायला लागली. सायकलवर बसा म्हणालो तर मान फिरवून बघितलंही नाही. मी सायकल ढकलत तिच्या मागं मागं गेलो. तो रस्ता मी नंतर कितीदा तरी चाललोय, मनातल्या मनात. तुरीची शेतं फुलावर होती, बांधाबांधानं पिवळं पिवळं, आणि त्या पिवळ्यातून ते हिरवं लुगडं पुढं जात होतं. ती पळायची, दम लागला की चालायची, पुन्हा पळायची. तिच्या प्रत्येक पावलाला माझ्या एका वाक्याची ताकद होती. इतकी ताकद माझ्या कुठल्याच खऱ्या वाक्याला आयुष्यात पुन्हा आली नाही.

वाडी मेंढपाळांची होती. पुरुष मेंढ्या घेऊन लांब गेलेले. घरापुढं काट्यांचं कुंपण घातलेला शेळ्यांचा वाडगा, आणि त्यात दीड-दोन वर्षांचं एक पोरगं करडाच्या अंगाला टेकून भाकरीचा तुकडा चोखत बसलेलं. पारूनं त्याला उचललं. कपाळाला हात लावला, मग मानेला, पोटाला, तळपायांना, पुन्हा कपाळाला. पोरगं हसायला लागलं. ती तिथंच लेंड्यांत बसली.

घरातून तिची सासू आली. "काय झालं गं? आज लवकर आलीस?"

"काही न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "ह्या माणसाला आपलं लेकरू पाहायचं होतं." मग माझ्याकडं वळून, अगदी हळू, "पाहिलंस? जा आता."

तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. शिव्या अंगावरून उतरून जातात.

माझी नात प्रज्ञा पुण्यात एका ठिकाणी काम करते. गेल्या दिवाळीत तिनं मला तिचं काम समजावून सांगितलं. मोठमोठ्या कंपन्या हिच्या कंपनीला पैसे देतात, लेखी परवानगी देतात, आणि सांगतात, आमच्या कॉम्प्युटरात शिरून दाखवा. कुठं भगदाड आहे ते चोराच्या आधी आम्हाला कळू द्या. याला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात म्हणे. तिला वाटत होतं, आजोबांच्या हे डोक्यावरून जाईल. मी म्हणालो, "म्हणजे परवानगीचं पत्र बनियनमध्ये ठेवून आत शिरायचं." ती बघतच राहिली.

"भगदाड कुठं सापडतं गं?" मी विचारलं.

"कधी मशिनीत, आबा. पण पुष्कळदा माणसात. एखाद्याला फोन करायचा, मोठ्या साहेबांचं नाव सांगायचं. माणूस बिचारा मदत करायला जातो आणि दार उघडतो."

"फोनवर लेकराबाळांचं नाव घेता का? घरी कुणी आजारी आहे, अपघात झालाय, असलं?"

तिनं हातातला लाडू खाली ठेवला. "नाही आबा. ते चालत नाही. काय सांगायचं नाही ते आम्ही आधीच लिहून घेतो."

त्या दिवशी मला लाडू गोड लागला. कुणीतरी कुठंतरी ते लिहून ठेवलंय, एवढं कळणंही या वयात पुष्कळ असतं.

पारूच्या वाडीवरून परत येताना नदीतच भोंगा ऐकू आला. अवेळी, लांबच लांब, न थांबणारा. जिनाचा भोंगा अवेळी वाजला की हिंगोलीत एकच अर्थ होता. माझ्या पेट्या रिकाम्या होत्या, तिन्ही मी स्वतः उघडून पाहिल्या होत्या, पण पेडल मारता मारता मनात येत राहिलं, एखादी भरलेली तर गेली नाही? आकाशात मी धूर शोधत होतो. प्रत्येक ढग धूर वाटत होता.

धूर नव्हता. यंत्रं बंद होती. सगळ्या बाया बाहेर रस्त्यावर उभ्या होत्या, आणि आत माणसं रुईचा ढीग हातांनी उपसत होती.

झालं होतं ते असं. पारूला निरोप सांगून गयाबाई फाटकाशी परतली. मी नव्हतो. फाटक उघडं होतं. भाऊ बहिणीला न घेता जाणार नाही, एवढं तिला लगेच कळलं. मला आत शिरताना कुणीही पाहिलं नव्हतं. ती गप्प बसली असती तर कुणाला काही समजलं नसतं. पण ती तडक मॅनेजरांच्या खोलीत गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "साहेब, माझ्या फाटकातून एक माणूस आत गेलाय. मी फाटक सोडलं होतं. मशिनी बंद करा, बायांना बाहेर काढा." भोंगा तिच्या सांगण्यावरून वाजला होता. मी पोचलो तोवर ढिगातली आणि प्रेसजवळची पेटी सापडली होती, चिठ्ठ्या वाचून झाल्या होत्या. मिशाळ पहारेकऱ्यानं मला ओळखलं आणि एक ठेवून दिली. पत्र मी मग दाखवलं, आणि कपाटातली तिसरी पेटीही. साहेब बरोबर बोलले होते.

गयाबाई बाजूला उभी होती. तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा, "लेकरू कसं हाय?"

"बरं आहे, मावशी. खोटं होतं ते."

"आन् पारू?"

"घरी पोचली."

तिनं श्वास सोडला. मगच तिच्या चेहऱ्यावर राग आला, आणि तोही थोडाच. "जयभीम घातलास तू मला," एवढंच म्हणाली. मॅनेजरांनी तिथल्या तिथं तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ती विधवा होती, दोन मुली होत्या, घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं. हे तिनं सांगितलं नाही. जमलेल्या बाया आपसात बोलत होत्या, त्यातून मला कळलं. मी मॅनेजरांना म्हणालो, "माझा अहवाल नांदेडला जाऊ द्या. तोवर थांबा." माझ्या आवाजात अधिकार नव्हता, पण पत्रावर मोठ्या साहेबांची सही होती. ते थांबले.

दुसऱ्या दिवशी नांदेडला टाइपरायटरपुढं बसलो. पहिलं वाक्य आपोआप आलं. 'बायांच्या फाटकावरील गयाबाई हिने कामाची जागा सोडल्यामुळे आत प्रवेश मिळाला.' पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पारूनं नदीकाठी विचारलं होतं तसं मी त्या कागदाला विचारलं, यात लेकराचं लिहिलंय का? कागद ओढून काढला आणि दुसरा घातला. या वेळी मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहिलं. कुणाचं नाव घेऊन, कुठला धाक घालून मी ते फाटक उघडलं, ते लिहिलं. पारूची हजेरी कापू नये, हे लिहिलं. आणि मशिनी कुणाच्या सांगण्यावरून थांबल्या, तेही.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला. "मी चोर पाठवला होता. वकील परत आला."

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला.

"ती चुकली की नाही, एवढं सांग."

"चुकली, साहेब. आणि चुकल्याचं तिनंच येऊन सांगितलं. तिला काढलं तर पुढच्या खेपेला जो चुकेल तो सांगणार नाही. तो गप्प बसेल."

साहेबांनी डावी बाही मनगटापर्यंत ओढली. आदल्या वर्षीच्या आगीत त्या दोन बायांना बाहेर काढायला गेलेल्यांत ते स्वतः होते, त्यांच्या डाव्या हातावर अजून खूण होती. म्हणाले, "तिथंही कुणाला तरी काहीतरी माहीत असणार. आम्ही विचारत फिरलो. कुणी बोललं नाही." मग अहवालावर त्यांनी लाल शाईनं लिहिलं, 'गयाबाईस कामावर ठेवावे.'

ही बातमी सांगायला मी स्वतः हिंगोलीला गेलो. मनात थोडा फुगलोही होतो, खोटं कशाला बोलू. गयाबाईनं ऐकून घेतलं, मान हलवली. आनंद वगैरे काही दाखवला नाही. मग म्हणाली, "ते बराबर हाय. पर मला एक सांग. उद्या खरंच कुनाचं लेकरू आजारी पडलं आन् त्याचा बाप पळत फाटकाशी आला, त मी काय करू? ते लिवलंय का तुझ्या कागदात?"

लिहिलं नव्हतं. सगळ्या अहवालात भगदाड कुठं आहे ते होतं. ते बुजवलं तर खरा बाप कुठून निरोप देणार, हे नव्हतं.

मग तिच्या दगडाशेजारी जमिनीवर बसून आम्ही दोघांनी ते ठरवलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. निरोप्याला बाहेरच थांबवायचं. बाईचं नाव, गाव, नवऱ्याचं नाव, तिन्ही विचारायची. फाटक लावून कडी घालायची. फाटकाशी रुळाचा एक तुकडा टांगायचा, तो वाजवला की आतून दुसरी बाई येईल आणि ती निरोप आत नेईल. गयाबाईनं दगड सोडायचा नाही. साहेबांनी सगळं मान्य केलं. तो कागद पुढं कंपनीच्या सगळ्या जिनांत लागला. माझ्या सहीनं. तिचं नाव त्यावर घालायला हवं होतं, हे मला सुचलंसुद्धा नाही. ते वय तसलं होतं.

संक्रांत झाल्यावर साहेबांनी मला ही व्यवस्था पाहायला पुन्हा धाडलं. या वेळी उघडपणे, पत्र हातात धरून. मी फाटकाजवळ उभा होतो आणि जे कागदावर होतं ते डोळ्यांसमोर घडलं. एक म्हातारा धावत आला. फेटा सुटून खांद्यावर पडलेला.

"बाई, माझी सून आत हाय. लेक गाडीवरून पडला. पायावरून चाक गेलं. लवकर बोलवा."

गयाबाई उठली नाही. बसल्या जागेवरून तिनं कडी घातली. सुनेचं नाव विचारलं, गाव विचारलं, लेकाचं नाव विचारलं. म्हाताऱ्यानं सांगितलं. तिनं रुळाचा तुकडा वाजवला. आतून दुसरी बाई आली, निरोप घेऊन गेली. थोड्याच वेळात सून बाहेर आली आणि म्हाताऱ्याबरोबर पळत सुटली. कुठं काही चुकलं नाही. मी साहेबांना तसंच लिहून कळवलं.

एक गोष्ट मात्र कळवली नाही. म्हातारा बोलत होता तेव्हा, रूळ वाजवायच्या आधी, गयाबाई त्याच्याकडं बघत होती. आधी त्याच्या पायांवरच्या धुळीकडं, मग गळ्यावरच्या घामाकडं, मग डोळ्यांत. चांगले दोन श्वास होतील इतका वेळ. म्हातारा कासावीस झाला.

"असं काय पाहून राहिलीस, बाई?"

"काही न्हाई, बाबा," ती म्हणाली. "पाहावं लागतं आता."

मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.